ताकदीचं इंजेक्शन

सात-आठ वर्षं मी दम्याचा पंप ओढला, आणि दमा मला कधी नव्हताच. हे आधीच सांगून टाकते. माझ्यासारखी एखादी बाई आजही कुठंतरी भिंतीला टेकून झोपत असेल, घरचे तिला कामचुकार म्हणत असतील, आणि मनातून तिलाही तेच खरं वाटत असेल. तिच्यासाठी लिहायला बसले आहे.

मी रेखा. माहेर चारठाण्याचं, सासर झरीचं. घरी ब्लाउज शिवते. माझे मिस्टर झरी-परभणी रस्त्यावर जीप चालवतात. गाव त्यांना राजाभाऊ म्हणतं, म्हणून इथं मीही तेच लिहिते. घरात आम्ही दोघं, मुलगी ऋतू आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात.

दम लागायला सुरुवात झाली ती ऋतूच्या वेळी. शेवटच्या महिन्यांत मला आडवं पडता येईना. बाळंतपणात नर्सबाई घाबरल्या होत्या, एवढं आठवतं. अंगात रक्त कमी आहे असं सांगण्यात आलं. पोर सुखरूप झाली आणि सगळे ते विसरून गेले. दम मात्र राहिला. मग कोणीतरी दमा म्हटलं आणि घरात पंप आला.

मामींना तो पंप कधी पटला नाही. त्यांचं म्हणणं असं, की मशीनवर बसल्यावर हिला दम लागत नाही, घागर उचलायची म्हटलं की लागतो. म्हणणं खोटं नव्हतं. बसल्या जागी मला बरं वाटायचं, चार पायऱ्या चढल्या की जीव कासावीस व्हायचा. पण हेच दुखण्याचं लक्षण आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. सगळं घर संशयानं बघायला लागलं की माणूस स्वतःकडंही तसंच बघायला लागतो. पाणी भरताना मी मनात म्हणायचे, आज खरंच लागतोय की करतीयेस?

एका दुपारी एका बाईच्या ब्लाउजला हूक लावत होते. खोकला आला, तोंड पदरानं पुसलं, तर पदर गुलाबी झाला. राजाभाऊंनी जीपमधली माणसं दुसऱ्या गाडीत बसवून दिली आणि मला परभणीला नेलं. टीबी निघाला नाही. पण छातीचा फोटो बघून तिथल्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरबाईंच्या नावानं चिठ्ठी दिली. राजाभाऊंच्या कपाळाला पहिली आठी तिथं पडली. हा तिकडं पाठवतो, ती आणखी पुढं पाठवील, असं काहीतरी ते पुटपुटले.

डॉक्टरबाईंचा प्रश्न

त्या दिवशी मामीही आमच्यासोबत होत्या. डॉक्टरबाईंनी मला डाव्या कुशीवर वळवलं, छातीला नळी लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिल्या. इतक्या वर्षांत कोणी एवढा वेळ ऐकलं नव्हतं. मला भीती वाटली.

मग त्यांनी विचारलं, लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का. मला अंधुक आठवत होतं. गुडघे सुजलेले, ते बरे होईतो कोपर सुजलेलं, आणि माय मला कडेवर घेऊन एसटीत चढतीये. मी तसं सांगितलं.

"त्यानंतर दर तीन आठवड्यांनी कमरेत एक इंजेक्शन घ्यायचात का? खूप दुखणारं?"

ते तर मला पक्कं आठवत होतं. जिंतूरला जाऊन घ्यायचो. दोन दिवस लंगडत चालावं लागायचं. शाळेत पोरी हसायच्या. मी म्हटलं, हो, ताकदीचं इंजेक्शन. लग्नापर्यंत घेत होते.

डॉक्टरबाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "ताकदीचं कोण म्हणालं?"

"माय म्हणायची."

त्यांनी हृदयाची सोनोग्राफी केली आणि पडद्यावर दाखवलं. हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये एक झडप असते. लहानपणी घसा दुखून मागाहून आलेल्या त्या तापानं ती चिकटत, जाड होत गेली होती. दार पूर्ण उघडायला हवं, ते फटीएवढं उघडत होतं. रक्त वर तुंबून मागं फुप्फुसात साचत होतं. त्यानं दम लागायचा, त्यानंच रक्त पडलं. ते इंजेक्शन ताकदीचं नव्हतं. तो ताप परत येऊन झडप आणखी खराब होऊ नये म्हणून ते द्यायचे, आणि ते थांबवायला नको होतं.

मी पडद्याकडं बघत होते. मामी माझ्याकडं बघत होत्या.

परत येताना झरीचा फाटा आल्यावर मामी एवढंच म्हणाल्या, "म्हंजी लगनाआधीचंच हाय हे."

घरी येऊन मी मायला फोन केला. लहानपणी मला हृदयाचं काही सांगितलं होतं का, विचारलं. ती म्हणाली, न्हाई बाई, तसलं काई न्हवतं. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिनं उत्तर दिलं होतं. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा माझ्या जन्मदात्या मायबद्दल माझ्या मनात संशय आला.

राजाभाऊंना काय माहीत होतं

इलाज संभाजीनगरला होणार होता. मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, नळीच्या टोकाला असलेला फुगा झडपेत फुगवायचा आणि चिकटलेली झडप उकलायची. छाती कापायची नाही. डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा मला ते खोटंच वाटलं. पायातून हृदयात जायचं म्हणजे कसं? शिवाय हे सरकारी योजनेत होणार होतं, आणि त्यानं तर राजाभाऊंचा संशय दुपटीनं वाढला. फुकटच्या माणसावर शिकाऊ डॉक्टर हात साफ करून घेतात, असं त्यांना स्टँडवर कोणीतरी सांगितलं होतं.

पण त्यांच्या संशयाला पक्कं कारणही होतं. जीपवाल्यांना खासगी दवाखान्यांची माणसं भेटतात. पेशंट आमच्याकडं आण, तुझं काय ते बघू, असं उघड बोलतात. राजाभाऊंनाही तसं विचारलेलं होतं. त्यांनी ते कधी केलं नाही, पण करणारे त्यांच्याच रांगेत गाडी लावायचे. त्यामुळं कुठल्याही डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरचं नाव घेतलं, की यांच्या डोळ्यापुढं तो दलाल उभा राहायचा.

"आपुन कोणाचं तरी गिऱ्हाईक हाव," ते मला म्हणाले. "कोणाचं ते कळू दे, मंग बघू."

संभाजीनगरच्या डॉक्टरांना त्यांनी प्रश्न विचारून भंडावून सोडलं. फुगा आत फुटला तर? नळी अडकली तर? कोण करणार, तुम्ही की शिकणारी पोरं? डॉक्टर मध्यम वयाचे, कमी बोलणारे होते. ते म्हणाले, मी करीन, शिकणारे शेजारी उभे राहतील. धोका आहे. फुगा फुटत नाही सहसा, पण झडप नको तिथं फाटू शकते, तसं झालं तर तातडीनं छाती उघडावी लागेल. त्याची तयारी ठेवलेली असते.

मग राजाभाऊंनी राखून ठेवलेला प्रश्न काढला. एकाला वापरलेला फुगा धुऊन दुसऱ्याला वापरता, हे खरं का?

मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. डॉक्टर म्हणाले, "खरं आहे. निर्जंतुक करून पुन्हा वापरतो. किती वेळा वापरायचा, त्याची हद्द ठरलेली असते."

राजाभाऊ ‘नाही’ या उत्तराची तयारी करून आले होते. नाही म्हटलं असतं तर त्यांनी खोटं पकडलं असतं. हो म्हटल्यावर त्यांना पुढं काय विचारावं सुचेना. बाहेर आल्यावर म्हणाले, बेरकी हाय. पण मला दिसलं, की ते थोडे शांत झाले होते.

परत पाठवलं

भरती झाले. वॉर्डात दिवस लवकर सुरू व्हायचा. पहाटे रक्त न्यायला येणाऱ्या सिस्टर, मग चहा, मग फरशी पुसणाऱ्या मावशी, मग डॉक्टरांचा घोळका. शेजारच्या खाटेवर पाथरीकडच्या एक आजी होत्या, पायाच्या शिरेत अडथळा म्हणून आलेल्या. त्या मला रोज विचारायच्या, तुझी नळी कधी, आणि रोज त्यांच्या डब्यातली चटणी द्यायच्या. ती मला मीठ वर्ज्य म्हणून खाता यायची नाही, तरी घ्यायचे. कोणीतरी काही देतंय, त्यामागं काही हेतू नाही, एवढंच बरं वाटायचं.

फुगा टाकायच्या आधी एक तपासणी होती. घशातून नळी घालून हृदय मागच्या बाजूनं बघायचं. घसा बधिर करतात, तरी ओकारी येते, डोळ्यांतून पाणी येतं. माझ्यासारख्यांना सांगते, नाकानं श्वास घ्यायचा आणि सिस्टरचा हात धरून ठेवायचा. थोड्या वेळाचंच काम असतं.

ती झाली आणि डॉक्टर खाटेशी आले. वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी धरली होती. अशात नळी आत नेली आणि गुठळी सुटून मेंदूत गेली, तर लकवा होईल. रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्यायच्या, तीन महिन्यांनी परत यायचं. गुठळी विरघळली तर फुगा, नाही विरघळली तर ऑपरेशनचा विचार.

आधी म्हणाले उशीर करू नका, आता म्हणतात तीन महिने थांबा. राजाभाऊ तिथंच बोलले, की पैसेवाला पेशंट असता तर थांबवलं असतं का. डॉक्टर म्हणाले, थांबवलं असतं. आणि पुढच्या खाटेकडं गेले.

गावी आलो. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तपासण्याच करायलेत, इलाज तर करत न्हाईत. त्याच आठवड्यात राजाभाऊंच्या ओळखीच्या एका गाडीवाल्याचा फोन आला. आमची हकीकत त्याला कुठून कळली कोण जाणे. दुसऱ्या एका शहरातल्या दवाखान्याचं नाव घेऊन म्हणाला, कागदं घेऊन परवा या, परवाच भरती, लगेच फुगा. गुठळीचं राजाभाऊंनी सांगितलं. तो म्हणाला, आमचे डॉक्टर ती घशातली तपासणी करतच न्हाईत, नुसता पेशंटला तरास.

राजाभाऊ फोन ठेवून ओट्यावर बसले. मी मशीनवर होते, पण पाय चालत नव्हता. मला दोन्हीकडं भीती होती. थांबावं तर झोपेत गुठळी सुटेल. जावं तर टेबलावर सुटेल. कोणाचं खरं धरायचं?

बऱ्याच वेळानं ते आत आले.

"हा मला लगेच बोलवायलाय," ते म्हणाले. "त्या डॉक्टरनं तर टेबलापासून वापस धाडलं. तुला करूनच सोडलं असतं तर त्याला कोण विचारणार होतं? ज्याला आपलं गिऱ्हाईक करायचंय, त्यो असं वापस धाडत न्हाई."

डॉक्टरांवर विश्वास बसला म्हणून आम्ही थांबलो असं नाही. फोन करणाऱ्यावरचा अविश्वास मोठा होता, एवढंच. पण थांबलो.

चारठाण्याला

गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळीचा हिशेब अवघड असतो. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून परभणीला जाऊन पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं आणि गोळी कमी-जास्त करायची. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. कुठं धक्का लागला की निळा डाग. मामी ते डाग बघायच्या आणि म्हणायच्या, ही दवा हाय का जहर? एक दिवस त्यांनी गोळ्यांची डबी उचलून ठेवली आणि डॉक्टरबाईंना स्वतः विचारून आल्याशिवाय देणार नाही म्हणाल्या. दुसऱ्या सकाळी खरंच राजाभाऊंच्या जीपमध्ये बसून परभणीला गेल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आल्यावर डबी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, की मेथी-पालक एक दिवस ढीगभर आणि एक दिवस काहीच नाही, असं करायचं नाही, दवा बिघडते.

त्या दिवसांत मी चारठाण्याला गेले. मामींना खरं कारण सांगितलं नाही, मायला बघून येते म्हणाले.

माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली, ती एकटीच असते. मी तिच्यापुढं बसले, चार शेंगा सोलल्या, आणि सरळ विचारलं. ती पहिल्यांदा म्हणाली, जुनं कशाला उकरायलीस. मी म्हटलं, मला खरं सांग, नाहीतर मी आत्ता उठून जाते.

तिनं सूप बाजूला ठेवलं.

जिंतूरच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. हृदयात आवाज येतोय, पोरीची सुई बंद करू नका, लग्न झालं तरी बंद करू नका. माझी दोन स्थळं त्यावरूनच मोडली होती. कुठून तरी बातमी गेली, आणि माणसं बघायला आलीच नाहीत. मग वडिलांनी घरात सांगितलं, यापुढं हा शब्द काढायचा नाही. मला कळलं तर मी बोलून बसेन, म्हणून मलाही ताकदीचं इंजेक्शन सांगितलं.

"आन् लग्नानंतर?"

"लगनानंतर सुई द्यायची म्हणलं तर तुझ्या सासूला सांगावं लागलं असतं." ती शेंगांकडं बघून बोलत होती. "तू लय धट्टीकट्टी दिसायचीस तवा. मला वाटलं, झाली बरी."

म्हणजे झरीच्या फाट्यावर मामींनी बोलून दाखवलेला संशय खरा होता. त्यांच्या ज्या बोलण्याला मी सासूचा खवचटपणा समजले, ते बरोबर होतं. आणि सासरी कामचुकार म्हणतात म्हणून इतकी वर्षं जिच्या कुशीत जाऊन मी रडायचे, तिला माझं दुखणं माहीत होतं.

मी भांडले नाही. भांडायला छातीत दम लागतो. नळी टाकायला जाईन तेव्हा तू येऊ नको, एवढं बोलले आणि संध्याकाळच्या आत एसटीनं परत आले. झरीला कोणाला काही सांगितलं नाही. आता मामी माझ्याकडं बघायच्या तेव्हा मी नजर चुकवायचे. पूर्वी खरी असून खोटी ठरत होते. आता मीच काहीतरी दडवत होते.

टेबलावर

तीन महिन्यांनी घशातून पुन्हा नळी. गुठळी विरघळली होती. डॉक्टरांनी राजाभाऊंना बोलावून पडदा दाखवला, आधीचा आणि आताचा. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि मला बाहेर येऊन सांगितलं, मला तर दोन्ही सारखेच दिसले, पण त्यो खूश दिसायलाय.

सकाळी मला न्यायला स्ट्रेचर आलं. सोबत राजाभाऊ आणि मामी. ऋतू वेगळ्या राहणाऱ्या जावेकडं ठेवली होती. वळणावर, लिफ्टच्या बाजूला, पिशवी पोटाशी धरून माय उभी होती. येऊ नको म्हटलं होतं तरी आली होती. मी तोंड फिरवलं. लिफ्टचं दार बंद झालं, आणि ते फिरवलेलं तोंड घेऊनच मी आत गेले. आत गेल्यावर वाटलं, आता काही झालं तर तिला शेवटचं हेच दिसलं असेल.

आत थंडी खूप असते, हे आधी कोणी सांगत नाही. सिस्टरला म्हटलं तर जास्तीची चादर देतात. माणूस जागाच असतो. मांडीच्या सांध्यात बधिर करायची सुई टोचली, तेवढंच दुखलं. नंतर कोणीतरी आतून दाबत-ढकलत आहे असं जाणवलं. शिकणारी दोन पोरं खरंच शेजारी उभी होती. मी मान उचलून बघितलं, कोणाच्या हातात नळी आहे. डॉक्टरांच्याच हातात होती. त्यांनी ते पाहिलं असावं. "मीच आहे," म्हणाले. "झोपा."

हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून नळी डावीकडं नेतात. तेव्हा मला काही कळलं नाही. मग ते म्हणाले, आता फुगवतोय, क्षणभर घाबरल्यासारखं होईल. छातीत धडधड उलटसुलट झाली, डोळ्यांपुढं अंधारी आली. मी मनात ऋतूला हाक मारली. पुन्हा एकदा तसंच झालं. कोणीतरी आकडे वाचत होतं. तो आवाज एकदम हलका झाला, म्हणून मला कळलं, की काहीतरी चांगलं झालंय.

आणि मी श्वास घेतला. तो खाली, पार खाली गेला. किती वर्षांनी तो तिथवर पोचला होता, मला आठवत नव्हतं. मी आणखी एक घेतला, खरा आहे का बघायला. मग आणखी एक.

बाहेर

पाय सरळ ठेवून, सांध्यावर वाळूची पिशवी ठेवून मला वॉर्डात आणलं. त्या दिवशी पाय वाकवायचा नाही, उठायचं नाही. राजाभाऊ खाटेशी बसून होते. त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय आणि मला सांगत नाहीत. दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं.

मी आत असताना मायनं मामींना सगळं सांगून टाकलं होतं. बाकावर शेजारी बसून, कोणी न विचारता. जिंतूरचे डॉक्टर, मोडलेली स्थळं, बंद केलेली सुई, सगळं. आत पोरीचं काही बरंवाईट झालं तर हे पोटात ठेवून मला जगता येणार न्हाई, असं ती म्हणाली म्हणे.

मामी काय म्हणाल्या, मी विचारलं.

राजाभाऊंनी मामींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "मी हिला सून करून घेतली नसती, खोटं कशाला बोलू. पण घेतल्यावर तरी सांगायचं व्हतं. मी हिला घागरी उचलायला लावल्या. बाळंतपणात ही मेली असती, आन् मी म्हणले असते, कामचुकार व्हती."

त्यानंतर त्या उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या होत्या.

संध्याकाळी दोघी आळीपाळीनं आत आल्या. आधी मामी. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, वाळूची पिशवी बघितली, सिस्टरला विचारलं, ही एवढीच जड का, कमी तर न्हाई. मग बाहेर गेल्या. मग माय आली. पायथ्याशी उभी राहिली. मी हात पुढं केला. माफ केलं असं म्हणता येणार नाही, अजूनही नाही. पण लिफ्टजवळचं ते तोंड मला परत फिरवायचं होतं.

आता

झडप थोडी गळते. फुगा टाकल्यावर असं होऊ शकतं, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. काही वर्षांनी ती पुन्हा आवळू शकते, तेव्हा बघू. गोळ्या आहेत, तपासण्या आहेत. मी आडवी झोपते. घागर अजून कोणी मला उचलू देत नाही.

दर तीन आठवड्यांनी ते इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. तेव्हासारखंच दुखतं. मामी सोबत येतात. बाटलीचं सील त्यांना दाखवल्याशिवाय सिस्टरला ते फोडू देत नाहीत, तारीख सोबत नेलेल्या ऋतूकडून वाचून घेतात, हातावर चाचणीची सुई टोचली का विचारतात. सिस्टर त्यांना वैतागल्या आहेत. मला मात्र त्यांचा हा संशय आता आवडायला लागला आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर ऋतूला ताप आला. घसा लाल, गिळता येईना. मी फोनवर मायला सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिल्या एसटीनं दारात हजर. संभाजीनगरच्या दवाखान्यापासून मामी तिच्याशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. दार त्यांनीच उघडलं. बघितलं, आणि बाजूला झाल्या.

ऋतू खाटेवर पडली होती. माय तिच्या एका बाजूला बसली, चादर वर केली आणि उजवा गुडघा दाबून बघितला. दुखतो का गं, विचारलं. पोरगी नाही म्हणाली. मामी दुसऱ्या बाजूनं वाकल्या आणि त्यांनी डावा दाबला.

"हितं?"

"नाही आजी."

"खोटं बोलू नको," मामी म्हणाल्या. "दुखलं तर दुखलं म्हणायचं."

मायनं मान हलवली. मग दोघींनी गुडघे बदलून पुन्हा एकदा बघितलं.